ठिणगीच्या उजेडातून इंधनाचं प्रमाण: मिथेन-हवा मिश्रणावरचं पहिलं मापन, पायरीपायरीनं

स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडली की तिथला वायू काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो अंशांवर जातो. रेणू फुटतात, सुटलेले अणू उत्तेजित होतात, त्यांच्यातून काही नवे छोटे रेणू जुळतात, आणि प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. त्या प्रकाशात हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती, कार्बन-नायट्रोजनची जोडी किती हे वाचता आलं, की फटीत इंधन किती होतं याचा हिशेब लागतो. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर (उरलेला ऑक्सिजन मोजणारा) जळून गेलेल्या मिश्रणाची सरासरी सांगतो. ही पद्धत सांगते ती नेमक्या आग लागण्याच्या जागेची आणि त्याच क्षणाची स्थिती. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत फटीजवळचं मिश्रण दर चक्राला बदलतं, म्हणून तिथे तिची खरी गरज पडली. २००२ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधकांनी इंजिनातल्या ठिणगीच्याच प्रकाशावरून स्थानिक इंधन-प्रमाण काढण्याची पद्धत सविस्तर मांडली, आणि पुढची बरीच कामं त्या वाटेनं गेली.

इथे आपण इंजिनाच्या एक पायरी अलीकडे थांबणार आहोत: प्रयोगशाळेतलं टेबल, एक नळी, मिथेन आणि हवा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ज्वलन प्रयोगशाळेत हे जमू शकतं. वर्णपट मिळवणं त्यातलं सोपं काम आहे. अवघड आहे ते ठिणगीचा लहरीपणा आकड्यांतून बाजूला काढणं, आणि लेखातला बराचसा वेळ त्यावरच जाईल.

आधी ठरवा: कोणता प्रकाश मोजणार?

दोन मुख्य वाटा आहेत. पहिली सीएनची, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या जोडीची. कार्बन इंधनातून येतो, नायट्रोजन हवेतून, आणि ठिणगीत त्यांची गाठ पडली की ३८८.३ नॅनोमीटरवर ठळक कडा असलेला पट्टा दिसतो. पट्टा त्या कडेपासून कमी तरंगलांबीकडे पसरत जातो आणि ३८७.१, ३८६.२ अशा आणखी कडा त्यात दिसतात. सीएन अगदी साध्या इग्निशन कॉइलच्या ठिणगीतही उजळतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की त्याची तीव्रता इंधनाबरोबरच वायूच्या घनतेवर आणि ठिणगीच्या ऊर्जेवरही अवलंबून असते.

दुसरी वाट अणूंची: हायड्रोजनची एच-अल्फा रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचं त्रिकूट ७७७.२ ते ७७७.५ वर, आणि दोघांचं गुणोत्तर. मिथेनच्या बाबतीत हे गुणोत्तर फारच सोयीचं पडतं. पूर्ण ज्वलनाला एका मिथेन रेणूमागे दोन ऑक्सिजन रेणू लागतात, म्हणजे चार हायड्रोजन अणूंमागे चार ऑक्सिजन अणू. त्यामुळे कोरड्या हवेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन अणूंचं गुणोत्तर म्हणजेच तुल्यता गुणोत्तर, ज्याला सगळे फाय म्हणतात. फाय १ म्हणजे नेमकं मिश्रण (इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही पूर्ण वापरले जातील असं), त्याखाली लीन (इंधन कमी), वर रिच (इंधन जास्त). प्रोपेनसाठी अणूंचं गुणोत्तर फायच्या ०.८ पट येतं, हायड्रोजनसाठी २ पट.

माझं मत: टेबलावर शिकताना गुणोत्तराची वाट धरा, कारण दोन्ही रेषा एकाच ठिणगीतून येतात आणि ठिणगीतला बराच चढउतार भागाकारात निघून जातो. सीएनही सोबत नोंदवत राहा. इंजिनात गेल्यावर तोच उपयोगी पडेल.

जोडणी

२५ मिलीमीटर व्यासाची, सुमारे १० सेंटीमीटर लांबीची स्टीलची उभी नळी घ्या. खालून मिश्रण आत येतं, बाजूनं स्पार्क प्लग बसतो आणि फटीसमोर क्वार्ट्झची खिडकी. साधी काच इथे चालत नाही. ३८८ कसंबसं निभावेल, पण पुढे ओएचचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा, ३०९ नॅनोमीटरचा पट्टा पाहावासा वाटला तर काच तो गिळून टाकते. प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड खिडकीच्या आड येणार नाही अशा कोनात प्लग फिरवून बसवा. वॉशर बदलून हा कोन जुळवता येतो.

भिंगानं फटीची प्रतिमा ऑप्टिकल फायबरच्या तोंडावर पाडा, पण ती घट्ट जुळवू नका. वायूचा प्रवाह ठिणगीला ओढून कमानीसारखी करतो. दृष्टिक्षेत्र फटीएवढंच ठेवलं तर ठिणगी बाहेर सरकते आणि प्रकाश कमी झाला तो इंधनामुळे असं वाटायला लागतं. फटीच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्र दिसू द्या.

निकेलच्या साध्या प्लगपेक्षा प्लॅटिनम किंवा इरिडियमचा प्लग बरा. झीज कमी असल्यानं गॅप टिकतो. कोणताही धातू असला तरी त्याच्या रेषा वर्णपटात येणारच, म्हणून सुरुवातीला शुद्ध नायट्रोजनमध्ये ठिणग्या पाडून त्या ओळखून ठेवा. गॅप फीलर गेजनं मोजा, १ मिलीमीटरवर आणा आणि रोज तपासा.

स्पेक्ट्रोमीटरबद्दल (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं उपकरण) पैशांचा प्रश्न येतोच. इंटेन्सिफाइड कॅमेरा असेल तर उत्तम, कारण मायक्रोसेकंदांची खिडकी उघडून हवा तेवढाच प्रकाश घेता येतो. छोट्या सीसीडी स्पेक्ट्रोमीटरचा सर्वांत कमी एक्स्पोजर साधारण मिलीसेकंदाच्या घरात असतो, त्यामुळे ठिणगीपाठोपाठ पेटलेल्या ज्योतीचा प्रकाशही आत शिरतो: ओएच ३०९, सीएच ४३१, सी-टू ५१६. इंटेन्सिफाइड कॅमेरा नसेल तर दोन फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाशही पकडणाऱ्या नळ्या) आणि त्यांच्यापुढे अरुंद फिल्टर हा जुना मार्ग अजूनही चांगला आहे. वर्णपट दिसत नाही, पण वेळ अचूक मिळते.

एक सापळा इथेच सांगून टाकतो, कारण तो नेमका याच मापनात बसलेला आहे. ग्रेटिंग (स्पेक्ट्रोमीटरमधली प्रकाश फाकवणारी रेघांची पट्टी) एखाद्या तरंगलांबीचा दुसऱ्या क्रमाचा प्रकाश तिच्या दुपटीच्या जागी टाकतं. सीएनच्या ३८८.३४ ची दुप्पट ७७६.७ होते, ऑक्सिजनच्या त्रिकूटाला अगदी लागून. फिल्टर नसेल तर इंधन वाढवल्यावर ऑक्सिजन वाढल्यासारखा दिसतो. एच-अल्फा आणि ७७७ मोजताना ५५० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा लाँगपास फिल्टर लावलाच पाहिजे.

पहिल्या ठिणगीआधी

हे मिश्रण पेटतं. मिथेन-हवेला पेटायला ०.३ मिलीज्यूलसुद्धा पुष्कळ होतात आणि कॉइलची ठिणगी काही दशक मिलीज्यूलची असते. म्हणजे ५ ते १५ टक्के मिथेनमध्ये पडलेली प्रत्येक ठिणगी ज्योत लावणार, हे धरूनच बांधणी करा. बंद भांड्यात नेमकं मिश्रण पेटलं तर दाब आठ-नऊपट होतो. म्हणून नवख्यानं बंद भांडं वापरूच नये, वरून उघडी वाहती नळी घ्यावी.

उघड्या नळीतही ज्योत मागे सरकते. मिनिटाला ५ लिटर प्रवाह २५ मिलीमीटरच्या नळीतून गेला तर वेग सेकंदाला फक्त १७ सेंटीमीटर पडतो, आणि नेमक्या मिथेन-हवेत ज्योतीचा वेग त्याच्या दुपटीहून जास्त असतो. नळीच्या तळाशी सिंटर्ड धातूची सच्छिद्र चकती ज्वालारोधक म्हणून बसवा. तरी ज्योत त्या चकतीवर येऊन बसते आणि बर्नरसारखी जळत राहते, म्हणून मिथेनच्या लाइनवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा: ठिणगी पडली की मिथेन बंद, हवा चालू, ज्योत विझली की मिथेन पुन्हा सुरू. सगळं वर धूर खेचणाऱ्या हूडखाली, मिथेन डिटेक्टर चालू, आणि नळी अर्थ केलेली. कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा आहे, तेव्हा प्लगच्या केबलला चालू असताना हात नाही.

पहिला सराव मात्र ज्योतीशिवाय करता येतो. नायट्रोजनमध्ये मिथेन मिसळा, ऑक्सिजन नाही म्हणजे आग नाही. सीएनचा पट्टा, एच-अल्फा, ट्रिगर (मापन सुरू करणारा इशारा), गेट (प्रकाश घेण्याची छोटी वेळेची खिडकी) हे सगळं इथेच बसवून घ्या. मग हवेत ४ टक्क्यांपर्यंत मिथेन, पेटण्याच्या मर्यादेखाली. त्यानंतरच पेटतं मिश्रण.

माहीत असलेलं मिश्रण

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मिश्रणांवर सिग्नल आणि फाय यांचा मेळ घालणं, मिश्रणाइतकंच खरं असतं. हवा आणि मिथेनसाठी दोन मास फ्लो कंट्रोलर (ठरवलेला प्रवाहच सोडणारी उपकरणं) घ्या. हवा मिनिटाला ४.५ लिटरवर स्थिर ठेवून फक्त मिथेन बदला, म्हणजे फटीजवळचा वारा जवळपास सारखा राहतो. नेमक्या मिश्रणात मिथेन आकारमानानं ९.५ टक्के, म्हणजे एका भागामागे ९.५२ भाग हवा. त्यावरून फाय ०.६ साठी मिनिटाला ०.२८४ लिटर, ०.८ साठी ०.३७८, १.० साठी ०.४७३, १.२ साठी ०.५६७ आणि १.४ साठी ०.६६२ लिटर.

दोन्ही कंट्रोलरचा 'प्रमाणित लिटर' एकाच तापमानाला धरलेला आहे का, हे त्यांच्या पाट्यांवर वाचा. एक ० अंशांचा आणि दुसरा २५ अंशांचा असेल तर फायमध्ये सरळ ९ टक्के चूक शिरते, आणि ती कोणत्याही वक्रात उघडी पडत नाही.

मिथेन माहीत शुद्धतेचा, सिलिंडरमधला घ्या. पंपावरच्या सीएनजीत इथेन वगैरे असतं. घरगुती एलपीजी तर कॅलिब्रेशनला बिलकुल नको: तो प्रोपेन-ब्युटेनचा द्रव आहे, प्रोपेन आधी उडतो आणि सिलिंडर रिकामा होत जातो तसं मिश्रण बदलत जातं.

नळीचं आकारमान साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे या प्रवाहात ती ०.६ सेकंदात एकदा बदलते. मिथेन पुन्हा सुरू करून प्रवाह स्थिरावल्यावर निदान पाच बदल, म्हणजे ३ सेकंद जाऊ द्या, मगच पुढची ठिणगी. एकूण चक्र दहा-बारा सेकंदांचं होतं. कंटाळवाणं आहे, पण घाई केली की मागच्या ज्योतीची वाफ मोजली जाते. ती वाफ थंड खिडकीवर धुकंही धरते, तेव्हा खिडकी थोडी गरम ठेवा.

ठिणगी, ट्रिगर आणि गेट

ठिणगीचे तीन टप्पे असतात. आधी विद्युतभंग, काही नॅनोसेकंदांचा, प्रचंड प्रवाहाचा. मग काही मायक्रोसेकंदांचा आर्क. शेवटी एक-दोन मिलीसेकंद रेंगाळणारा मंद ग्लो. ऊर्जेचा मोठा वाटा ग्लोमध्ये जातो, पण रेणू पार फोडून अणूंच्या रेषा उजळवण्याचं काम पहिल्या टप्प्याकडे असतं. तिथली ऊर्जा प्लगच्या आणि वायरच्या धारितेत साठलेली असते. हवेच्या साध्या दाबाला १ मिलीमीटर फटीत साधारण ४.५ किलोव्होल्टला विद्युतभंग होतो; १५ पिकोफॅरड धारितेत त्या वेळी जेमतेम ०.१५ मिलीज्यूल असतात. फटीला समांतर १००० पिकोफॅरडचा हाय-व्होल्टेज सिरॅमिक कपॅसिटर जोडला तर तेच १० मिलीज्यूल होतात आणि एच-अल्फा, ७७७ दोन्ही लख्ख दिसतात. कपॅसिटर प्लगच्या अगदी जवळ असावा आणि मध्ये रेझिस्टर नसावा, म्हणजे रेझिस्टर प्लग इथे बाद. त्याची किंमत रेडिओ गोंगाटाच्या रूपात चुकवावी लागते: संगणक अडखळतो, स्पेक्ट्रोमीटरचा यूएसबी तुटतो. नळीभोवती धातूची जाळी, सिग्नल शक्यतो फायबरमधून, आणि लॅपटॉप दूर.

ट्रिगर कॉइलच्या आज्ञेवरून घेऊ नका. आज्ञा आणि प्रत्यक्ष विद्युतभंग यांत दर वेळी वेगळं अंतर पडतं. ठिणगीकडे पाहणारा फोटोडायोड किंवा वायरवरचा करंट क्लॅम्प वापरा.

गेट कधी उघडायचा, याचा आकडा दुसऱ्याच्या जोडणीतून उचलू नका. अगदी सुरुवातीला सलग पसरलेला पांढरा प्रकाश असतो आणि इलेक्ट्रॉनांच्या गर्दीमुळे एच-अल्फा नॅनोमीटरभर रुंदावलेली असते. तिच्या उजव्या उतारावर ६५७.८ आणि ६५८.३ ला आयनित कार्बनच्या रेषाही बसतात, आणि इंधनाबरोबर त्याही वाढतात. थोडं थांबलं की पार्श्वभूमी ओसरते, रेषा अरुंद होतात. फार थांबलं की प्रकाशच संपतो. म्हणून फाय १ वर उशीर ०.२ मायक्रोसेकंदांपासून हळूहळू वाढवत न्या, प्रत्येक ठिकाणी रेषेची उंची भागिले पार्श्वभूमीतला थरथराट काढा आणि जिथे तो सर्वांत जास्त येतो तिथे गेट पक्का करा. नंतर त्याला हात लावायचा नाही.

प्रत्येक ठिणगीमागे विद्युतभंगाचा व्होल्टेज हाय-व्होल्टेज प्रोबनं नोंदवा. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के वाढला की ऊर्जा २१ टक्के वाढते. सीएनच्या तीव्रतेला या आकड्याशिवाय अर्थ नाही. गुणोत्तरालाही त्याची गरज पडते: व्होल्टेजच्या टोकाच्या ठिणग्या गाळल्या की विखुरलेपण लक्षणीय घटतं.

वर्णपट साफ करणं

तरंगलांबीची खूण महाग दिव्याशिवाय मिळते. छताच्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो: ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटर. खूण घेतली की ट्यूबलाइट बंद करा.

रोज तीन कोरे वर्णपट हवेत: ठिणगीशिवायचा काळोख, शुद्ध नायट्रोजन, आणि इंधनाशिवायची हवा. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. ३८८ च्या पट्ट्याशेजारी ३९१.४ ला आयनित नायट्रोजनचा पट्टा असतो आणि त्याचीच एक कडा ३८८.४ वर, सीएनच्या डोक्यावर येऊन बसते. हवेचा कोरा वर्णपट वजा केल्याशिवाय सीएन इंधन नसतानाही थोडा 'दिसतो'. वजाबाकीनंतर ३८४.५ ते ३८८.६ मधलं क्षेत्रफळ घ्या. एच-अल्फासाठी दोन्ही बाजूंना पार्श्वभूमीची सरळ रेषा ओढून क्षेत्रफळ. उंची घेऊ नका, कारण रेषा रुंदावली की क्षेत्रफळ तेच राहूनही उंची बदलते.

पावसाळा

अणूंची वाट मिथेनचा हायड्रोजन आणि पाण्याचा हायड्रोजन यांत फरक करत नाही. कॉम्प्रेसरची हवा ड्रायरशिवाय वापरली तर हे किती महागात पडतं, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता हे मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैचं नेहमीचंच हवामान. अशा हवेत आकारमानानं सुमारे ३.३५ टक्के पाणी असतं. ऑक्सिजन वायू २०.२५ टक्के उरतो. पाण्याचे अणू धरले तर इंधन शून्य असतानाच हायड्रोजन-ऑक्सिजन गुणोत्तर ०.१५ येतं. खरा फाय १ असताना ते १.०८ दिसतं, म्हणजे ८ टक्क्यांच्या आत चूक. पण खरा फाय ०.६ असताना ०.७१ दिसतं, म्हणजे १८ टक्के. लीन मिश्रण मोजायलाच तर ही पद्धत वापरतात, आणि तिथेच ती सर्वांत जास्त फसते.

उपाय दोन. सिलिका जेल किंवा ड्रायर लावून हवा कोरडी करा, किंवा आर्द्रता-तापमान मोजून वरचा हिशेब उलटा चालवा. पहिला उपाय कॅलिब्रेशनसाठी, दुसरा इंजिनासाठी, कारण इंजिन बाहेरचीच हवा ओढतं. सीएनला पाण्याचा हा त्रास थेट होत नाही, हे त्याच्या बाजूचं आणखी एक कारण.

कॅलिब्रेशनचा वक्र

प्रत्येक फायला २०० ठिणग्या घ्या. दहा सेकंदांच्या चक्रानं अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ जातो. एकेका ठिणगीचं विखुरलेपण १५ टक्के असेल तर दोनशेंच्या सरासरीचं साधारण १ टक्का राहतं. फाय चढत्या क्रमानं नेऊ नका. दिवसभरात खिडकी मळते, प्लग तापतो, आणि क्रम चढता असेल तर हे सगळं इंधनाच्या नावावर जमा होतं. ०.८, १.४, ०.६, १.२, १.० असा उलटसुलट क्रम ठेवा आणि मधूनमधून १.० परत मोजा. तो बिंदू सरकला तर त्या दिवसाचा डेटा टाकून द्या.

वक्र सरळ रेषेत बसवायचा मोह आवरा. अणूंचं गुणोत्तर फायशी सरळ प्रमाणात असलं तरी प्रकाशाचं गुणोत्तर असेलच असं नाही, कारण इंधन वाढलं की प्लाझ्माचं, म्हणजे ठिणगीतल्या तप्त आयनित वायूचं, तापमानही थोडं बदलतं. दुसऱ्या घाताचा वक्र बसवा. सीएन तर रिच बाजूला सपाट होत जातो, आणि सपाट भागात सिग्नलवरून फाय ओळखता येत नाही. अनिश्चितता काढताना सिग्नलचं विखुरलेपण भागिले त्या जागचा उतार असं करा, म्हणजे कुठे थांबायचं ते आपोआप कळेल. हवेच्या कोऱ्या वर्णपटातल्या थरथराटाची तिप्पट भागिले उतार, ही सर्वांत कमी मोजता येणारी मात्रा.

मग परीक्षा. सोबत्यानं फ्लो कंट्रोलर लावावा, आकडा झाकून ठेवावा, तुम्ही वर्णपटावरून फाय सांगायचा. अशा पाच-सहा फेऱ्या जुळल्या नाहीत तर वक्र कितीही देखणा असला तरी वापरू नका.

इंजिनाकडे जाताना

टेबलावरचा वक्र उचलून इंजिनाला लावता येत नाही. ठिणगीच्या क्षणी सिलिंडरात वायूची घनता कित्येक पट असते, विद्युतभंग १० किलोव्होल्टच्या वर होतो आणि प्लाझ्मा वेगळाच वागतो. त्या घनतेचं मिश्रण भरता येईल अशा दाबाच्या भांड्यात वक्र पुन्हा काढावा लागतो, किंवा आधीच एकजीव केलेलं मिश्रण इंजिनाला पाजून, एक्झॉस्टच्या विश्लेषणाशी जुळवून.

मागच्या चक्रातून उरलेला जळका वायू तिथे वेगळाच प्रश्न उभा करतो. अणूंची वाट अणू मोजते, इंधन नाही. जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड झालेल्या मिश्रणातही हायड्रोजन-ऑक्सिजन गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे निम्मं मिश्रण जळकं असलं तरी फाय बरोबर दिसतो आणि पेटायला इंधन मात्र निम्मंच असतं. सीएनलाही कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन मिळतो. नायट्रोजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून टेबलावरच पाहून घ्या, आपल्या ठिणगीत त्याचा सीएन किती उजळतो ते. तो आकडा हाताशी असेल तर उरलेल्या वायूचा अंदाज वजा करता येतो.

हायड्रोजन इंजिनात कार्बनच नाही, म्हणून सीएन बाद. तिथे एच-अल्फाला ७७७ च्या ऑक्सिजननं किंवा ७४६.८ च्या नायट्रोजन अणूच्या रेषेनं भागतात. नायट्रोजन ज्वलनात जवळपास तसाच राहतो आणि पाण्यात ऑक्सिजन असतो तसा नायट्रोजन नसतो, त्यामुळे दमट हवेत मला नायट्रोजनचा भाजक जास्त भरवशाचा वाटतो. टेबलावर हायड्रोजन घेण्याआधी ज्वालारोधक मात्र बदला: मिथेनची ज्योत साधारण २ मिलीमीटर फटीत विझते, हायड्रोजनची ०.६ मिलीमीटरपर्यंत आत शिरते, आणि तिला पेटायला ०.०२ मिलीज्यूल पुरतात.